पूर, पुरावा आणि पुरवणी यादी

आमच्या सोप्यातल्या भिंतीवर तीन तऱ्हेच्या रेघा आहेत. पहिल्या पोराच्या उंचीच्या. दर वाढदिवसाला त्याला भिंतीला टेकवून, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने काढलेल्या. दुसऱ्या आईच्या, डेअरीला घातलेल्या दुधाच्या. डेअरीच्या हिशोबावर तिचा विश्वास नाही, भिंतीवर आहे. तिसऱ्या रेघा पुराच्या. पहिल्या दोन आम्ही काढतो, तिसरी कृष्णा आणि पंचगंगा मिळून काढतात आणि ती आडवी, एकसारखी, घरभर असते. लेव्हल ट्यूब लावून गवंड्यालाही इतकी सरळ रेघ येणार नाही.

गाव शिरोळ तालुक्यात. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथून जवळच. या दोघी पावसाळ्यात एकमेकींना कडकडून भेटतात आणि मधल्यामध्ये आम्ही चेंगरतो.

पाऊस लागला की आमच्याकडं कुणी कुणाला ‘जेवलास काय’ म्हणून विचारत नाही. ‘राजाराम किती?’ असं विचारतात. राजाराम हा कुणी दवाखान्यात ठेवलेला पाहुणा नव्हे, कोल्हापूरजवळचा बंधारा आहे. तिथं ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. सांगलीच्या आयर्विन पुलावर हेच आकडे ४० आणि ४५. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यातले किती उघडले, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून पुढं किती जातंय, हे सगळं पारावर तोंडपाठ असतं. सातवीत गणितात तीनदा बसलेला आमचा एक मित्र ‘लाख क्युसेक चोवीस तास चाललं की साडेआठ टीएमसी’ हा हिशोब बोटंसुद्धा न मोडता सांगतो. अलमट्टीची ५१९.६० मीटर ही पातळी तर लोकांना स्वतःच्या रक्तदाबापेक्षा जास्त माहीत आहे. २०१९ च्या पुरानंतर सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने पूर अलमट्टीमुळे आला नसल्याचा निष्कर्ष काढला. पारावर हा अहवाल अजून मंजूर झालेला नाही.

पुराची सुरुवात मात्र आमच्याकडं भक्तीने होते. नृसिंहवाडीच्या देवळात पाणी उत्तरेच्या दाराने शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात अंघोळ करायला लांबलांबून माणसं येतात. २०१९ च्या पावसाळ्यात आम्हीही गेलो, डुबकी मारली, पुण्य घेतलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेच पाणी आमच्या दाराने आत आलं आणि कुठल्याच दाराने बाहेर जाईना.

गाव सोडायचा पुकारा झाला तेव्हा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एकच गोष्ट वारंवार सांगत होते : आधी कागदपत्रं सांभाळा. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही सूचना घरात सर्वांत मनावर घेतली. रेशनकार्ड, आधार, पासबुकं, घरफाळ्याच्या पावत्या, माझ्या दहावीच्या मार्कलिस्टीपर्यंत सगळं एका कापडी पिशवीत भरलं आणि घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी, माळ्यावर, ठेवलं. कारण २००५ चं पाणी माळ्याच्या खाली दीड फूट थांबलं होतं, हे भिंतीवर लिहिलेलं होतं. पाण्याने भिंत वाचली नव्हती. सांगलीत आयर्विनला ५७ फूट झालं आणि आमच्या माळ्यावरची पिशवी पोहायला लागली.

बाकीच्यांनी काय वाचवलं तेही सांगून टाकतो. आईने देव, लोणच्याची बरणी आणि मिक्सरचं भांडं घेतलं; मिक्सर राहिला. बायकोने पोराचं दप्तर घेतलं. मी टीव्ही काढायला गेलो, तो निघेना, म्हणून रिमोट घेतला.

ट्रॉलीतून, मग बोटीतून, मग पुन्हा ट्रॉलीतून जयसिंगपूरला एका मंगल कार्यालयात पोहोचलो. आठ वर्षांपूर्वी माझं लग्न याच कार्यालयात झालं होतं. त्याच हॉलमध्ये सतरंजीवर बसून, त्याच भटारखान्यातून आलेली आमटी ओरपत बायको म्हणाली, “ह्या येळंला जेवण बरं हाय.”

दुसऱ्या दिवसापासून ट्रक यायला लागले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोकांनी जे जे हाताला लागलं ते पाठवलं आणि त्याबद्दल या लेखात एक शब्दही वाकडा लिहिणार नाही असं मी ठरवलं होतं. पण कपड्यांबद्दल थोडं लिहावंच लागेल. माणसाच्या घरात दोन कपाटं असतात. एक वापरातलं, आणि दुसरं ‘कुणाला तरी द्यायचं’ असं म्हणून वर्षानुवर्षं भरत ठेवलेलं. आमच्या पुराने राज्यातली दुसरी कपाटं एका आठवड्यात रिकामी झाली. कार्यालयाच्या मागं कपड्यांचा डोंगर उभा राहिला. त्यात एका पायाचे मोजे होते, हुक तुटलेले ब्लाउज होते, कुठल्याशा गणेश मंडळाचे २०११ साली छापलेले टी-शर्ट होते आणि एक शेरवानी होती. मरून रंगाची, गळ्याला जर, छातीवर मोर. गल्लीतले आमचे मास्तर अंगावरच्या बनियन-लेंग्यानिशी बाहेर पडलेले. त्यांच्या मापाचं त्या अख्ख्या डोंगरात तेवढंच निघालं. मास्तर पुढचे बारा दिवस शेरवानीत होते. त्या शेरवानीचं पुढं काय झालं ते येईलच.

खाण्याचं म्हणाल तर बिस्किटं इतकी आली की पाचव्या दिवशी गावातली कुत्री पुडा बघून रस्ता बदलायला लागली. मुंबईहून कुणीतरी मायेने भडंगाचे पुडे पाठवले होते. जयसिंगपुरात बसून आम्ही पुडा फोडला, पोराने सवयीप्रमाणे मागचा पत्ता वाचला, तर पत्ता जयसिंगपूरचाच. दोन गल्ल्या पलीकडचा. भडंगाने मुंबई बघितली, आम्ही नाही.

सरकारकडून कुटुंबामागे १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ जाहीर झाले. धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांच्या फोटोचे स्टिकर चिकटवल्याचं प्रकरण त्या वेळी पेपरांत गाजलं. आमच्या कार्यालयातल्या म्हाताऱ्यांनी यात एकच शंका काढली : दहा किलो हे वजन फोटोसकट का फोटो सोडून? गव्हाचा प्रश्न वेगळाच होता. गहू आले, पण गिरणीची मोटर पाण्याखाली, आणि गिरणीवाला आमच्याच शेजारच्या सतरंजीवर. तो पिशवीकडं बघायचा आणि हळहळायचा, जसं काही गहू त्याच्याकडं दळायला येऊन परत चाललेत. शेवटी आईने घुगऱ्या शिजवल्या.

पाणी उतरलं. पूर बघायला गर्दी होते, गाळ बघायला कुणी येत नाही. दार ढकललं तर उघडेना, कारण दाराच्या पलीकडं फ्रिज आडवा होऊन झोपला होता. आत मांडीपर्यंत चिखल, आणि वास असा की तो शब्दात सांगता येत नाही आणि सांगितला तर संपादक छापणार नाहीत. गाद्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या की एकेक गादी उचलायला चौघं लागले आणि ती खांद्यावर घेऊन निघाल्यावर समोरून येणारा माणूस टोपी काढून बाजूला उभा राहिला.

याच वेळी मराठवाड्यातली दहा-बारा पोरं आली. त्यांच्या भागात त्या ऑगस्टमध्येही पाऊस नव्हता. टँकर घेऊन आली होती, वर प्रेशरचा पंप बसवलेला. त्यांचा म्होरक्या आमच्या भिंतीवरची रेघ बघत म्हणाला, “आमच्याकडं टँकर पाणी घेऊन येतो, तुमच्याकडं पाणी टँकर घेऊन आलंय.” आणि कामाला लागला. त्यांनी फावडी आणली होती, घमेली आणली होती, खराटे, वायपर, ब्लीचिंग पावडर, फिनेल, गमबूट आणि हातमोजे आणले होते. म्हणजे नेमकं जे लागतं तेवढंच. चार तासांत फरशीचा रंग दिसला. आई ते बघून रडायला लागली. सगळं गेलं तेव्हा रडली नव्हती, फरशी दिसल्यावर रडली. एवढं होईपर्यंत त्या पोरांनी आम्हाला ना नाव विचारलं ना रेशनकार्ड. जाताना चहा तेवढा मागितला, आणि साखर मराठवाड्याचीच निघाली, त्यांच्याच टेम्पोतली.

त्यांनी मागं ठेवलेला खराटा अजून घरात आहे. पुढं पैसे आले, गेले. खराटा आहे.

गाळ निघाला आणि सरकार आलं.

इथं थोडं भूगोलाकडं वळतो. पंचगंगा म्हणजे पाच नद्या : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. पैकी चार दिसतात. सरस्वती गुप्त आहे, ती आहे असं मानायचं. पंचनाम्याचंही नेमकं तसंच असतं. तलाठी दिसतात, ग्रामसेवक दिसतात, कृषी सहायक दिसतात, पोलीस पाटील दिसतात. पाचवा जो असतो, त्याची फक्त सही दिसते. गावात सगळेच पूरग्रस्त असल्याने त्रयस्थ पंच आणायचा कुठून? मग मी तुझा पंच, तू माझा पंच. मी स्वतः त्या आठवड्यात सतरा घरांचं नुकसान ‘समक्ष पाहिलं’. त्यातल्या पाच घरांच्या मालकांनी माझं समक्ष पाहिलं.

भाऊसाहेब, म्हणजे आमचे तलाठी, माणूस चांगला. त्यांचं स्वतःचं घरही पाण्यात गेलं होतं, पण त्यांच्या घराचा पंचनामा दुसऱ्या सज्जाच्या भाऊसाहेबांकडं होता आणि ते भाऊसाहेब फोन उचलत नव्हते. आमचे भाऊसाहेब आमच्या दारात उभे राहून त्यांना शिव्या घालत आणि मग वहीकडं वळून आम्हाला विचारत, “पाणी किती दिवस हुतं?”

हा प्रश्न साधा नाही. केंद्राच्या निकषात घर वाहून गेलेलं, पुरतं पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असलेलं लागतं, मग कपडे आणि भांडी यांची मदत. त्या वेळच्या दराने कपड्यांना १,८०० आणि भांड्यांना २,००० रुपये, कुटुंबामागे. आमच्याकडं पाणी आठवडाभर मुक्कामाला होतं, त्यामुळं आम्ही निश्चिंत. पण गावाच्या चढावरच्या वस्तीत ते दीड दिवसच टिकलं. दीड दिवसाचा गणपती असतो, दीड दिवसाचा पूर सरकारला चालत नव्हता. तिथली एक आजी भाऊसाहेबांना म्हणाली, “मला म्हाईत असतं तर पाण्याला आग्रेव केला असता की, ऱ्हावा आणि एक रात, म्हणून!” त्या अटीवर एवढी बोंब झाली की पुढं राज्याने ती सैल केली. दरही राज्याने आपल्या पदरचं घालून वाढवले : ग्रामीण भागात कुटुंबाला १० हजार, शहरात १५ हजार, त्यातले ५ हजार रोख आणि उरलेले खात्यावर. शहरातल्या पाण्याला भाव जास्त का, हे आण्णांनी बरेच दिवस विचारलं. तेच पाणी आधी कोल्हापुरात शिरून मग आमच्याकडं येतं. म्हणजे आम्हाला मिळालं ते सेकंडहँड, म्हणून दर कमी असावा.

पडझडीचं गणित तर वेगळंच आहे. घर अंशतः पडलं असं धरायला ते किमान १५ टक्के पडावं लागतं. चौदा टक्के पडलेलं घर सरकारदरबारी उभं असतं. आता घराचे टक्के मोजायचे कसे? आमची मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. पडली नव्हती, पण तिच्याखालून जाताना माणसं पावलं मोजून टाकत. बांधकामवाल्या साहेबांनी लांबूनच डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, “बारा टक्के.” चुलत्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. “सायेब, जरा बाजूला ऱ्हावा. एक लाथ घालतो, तीन टक्क्याचा तर प्रश्न हाय.” आण्णांनी त्यांना मागं ओढलं. “गप. एका लाथंत शंभर टक्के हुईल, आणि आत म्हस हाय.”

सगळ्यात मोठी करमणूक चुलीची झाली. मदत कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे काय? कागदावर विचाराल तर रेशनकार्ड, आणि गावात विचाराल तर चूल. आमच्या शेजारी तिघे भाऊ एकत्र राहतात. आईला मरताना शब्द दिलेला की वेगळे होणार नाही. त्यांच्या बायकांना गेली बारा वर्षं वेगळं व्हायचंच होतं, पण दिलेल्या शब्दापुढं इलाज नव्हता. पंचनाम्याच्या आदल्या रात्री तिघा भावांची बैठक झाली आणि सकाळी एका सोप्यात तीन चुली मांडलेल्या दिसल्या. भाऊसाहेबांनी वाकून बघितलं. तिन्ही शेगड्यांच्या नळ्या एकाच सिलिंडरला जोडल्या होत्या आणि भात फक्त मधल्या चुलीवर होता. भाऊसाहेब म्हणाले, “एकाच्यात शिजतंय, बाकीच्या दोघांचं काय?” थोरला भाऊ गंभीरपणे म्हणाला, “त्यांचा उपास हाय.” रेशनकार्ड एकच होतं, त्यामुळं मदत एकच मिळाली. पण मधल्या जाऊबाईंनी आपली शेगडी काही परत आत नेली नाही. बारा वर्षांत जे वाद, मध्यस्थ आणि नवस यांनी जमलं नव्हतं ते एका पंचनाम्याने केलं. ते घर आता खरोखरच तीन चुलींचं आहे आणि तिन्ही घरं एकमेकांशी पूर्वीपेक्षा बरी बोलतात.

उलटही झालं. गल्लीच्या टोकाला राहणारे दोघे भाऊ वीस वर्षं वेगळे, मध्ये भिंत, बोलचाल बंद. पण रेशनकार्ड वेगळं करायला तालुक्याला कोण जाणार म्हणून एकच राहिलेलं. सरकारने त्यांना एका कुटुंबात घातलं आणि दहा हजार रुपये निम्मे-निम्मे करायला एकमेकांसमोर बसवलं.

मास्तरांच्या दारात पंचनाम्याची मंडळी गेली तेव्हा मास्तर चिखलातून बाहेर आले, हातात घमेलं, अंगात शेरवानी. भाऊसाहेबांनी वहीतून मान वर केली, मोराकडं बघितलं आणि विचारलं, “तुमच्यात लगीन हाय काय?” मास्तरांना आधी हसू आलं, मग ते म्हणाले, “कपडे या रकान्यात शून्य लिहा. ही माझी नाही.” भाऊसाहेबांनी शून्य लिहिलं. ते शून्य पुढं तहसीलला कुणीतरी ‘कपड्यांचं नुकसान शून्य’ असं वाचलं. मास्तर भाषा शिकवतात. प्रयोग चुकला हे त्यांना फार लागलं.

आता चंद्रीचं सांगतो. चंद्री शेजारच्या काकींची म्हैस. पाणी चढलं तेव्हा दावं कापून सोडून दिलं, ती प्रवाहात गेली. दुभत्या म्हशीला तेव्हा ३० हजार रुपये होते, पण त्याला पुरावा लागतो : मेलेलं जनावर, किंवा निदान जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला. म्हैस गेली वाहून, मग डॉक्टर तपासणार काय? काकींनी दावं दाखवलं, रिकामा गोठा दाखवला, मोबाईलमध्ये चंद्रीचा बेंदराच्या दिवशीचा शिंगं रंगवलेला फोटो दाखवला. डॉक्टर मवाळ माणूस. गावातल्या चौघांनी सांगितल्यावर त्यांनी पेन काढलं, आणि नेमकं तेव्हा गल्लीच्या टोकाला गलका झाला. चंद्री येत होती. दहा-बारा दिवस कुठं होती देव जाणे. नदीपलीकडच्या कुठल्या तरी उसात असणार, कारण गेली त्यापेक्षा जाड होऊन आली होती. मागं एक पोरगं छडी घेऊन. चंद्री सरळ डॉक्टरांपाशी आली आणि त्यांच्या हातातला कागद हुंगायला लागली. काकी एका डोळ्याने रडत होत्या आणि दुसऱ्याने ते तीस हजार जाताना बघत होत्या. मग म्हणाल्या, “आलीस व्हय गं बाई. सांच्याला तरी यायचंस.”

कोंबड्यांबद्दल विचारू नका. एका पक्ष्याला तेव्हा ५० रुपये होते. कोल्हापूर जिल्ह्यात पन्नास रुपयांत कोंबडी तर सोडाच, तिचा तांबडा रस्सा देणारा माणूसही सापडणार नाही.

पंचनामा झाला, आता पुरावे. पुराची गंमत बघा. येताना तो कुणाला काही विचारत नाही, आधार मागत नाही, झेरॉक्स मागत नाही, रहिवासाचा दाखला मागत नाही. थेट घरी येऊन पूर्ण सेवा देतो. आणि त्याने जे नेलं त्याची भरपाई हवी तर नेमक्या त्याने नेलेल्याच वस्तू दाखवाव्या लागतात.

माळ्यावरची पिशवी सापडली. आण्णांनी ती उघडली तेव्हा आतून आधी एक लहान मासा निघाला. नंतर कागद. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक गच्चीवर हेच वाळवण घातलेलं होतं. उन्हाळ्यात जिथं पापड आणि कुरडया असतात तिथं पासबुकं, सातबारे, जन्मदाखले, लग्नाचे अल्बम. कोपऱ्यांना दगड. आई सवयीने काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. लॅमिनेशन केलेलं आधार तरलं. रेशनकार्डाचा लगदा झाला, इतका मऊ की गौरीचा मुखवटा करता आला असता. बायकोने माझी मार्कलिस्ट इस्त्री करून बघितली. इस्त्रीला शाई लागली, गणिताचे गुण पोराच्या युनिफॉर्मवर उमटले. त्याने ते शाळेत दाखवले आणि घरी येऊन मला विचारलं, “पप्पा, पस्तीस म्हणजे पास असतंय न्हवं?”

ज्या बँकेत पैसे येणार होते तिचं नाव सांगत नाही. तिच्याही तळघरात पाणी गेलं होतं. आम्ही पासबुक वाळवून घेऊन गेलो तर मॅनेजर गच्चीवर, आणि त्यांची खतावणी दोरीवर. दोन्हीकडचे कागद ओले, त्यामुळं बोलणं मात्र सहानुभूतीचं झालं. अडचण नावाची होती. आईचं नाव रेशनकार्डावर माहेरचं लाडाचं, आधारवर सासरचं आणि पासबुकात दोन्हीचं मिळून तिसरंच. चाळीस वर्षं तिघी गुण्यागोविंदाने एका घरात राहत होत्या. पुरामुळं प्रथमच तिघी एकमेकींसमोर आल्या आणि तिघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. नोटरीने विचारलं, “मावशी, यातल्या खऱ्या तुम्ही कोण?” आई म्हणाली, “मी सांगतो की. ज्या नावानं पैसं येत्यात ती मी.” (आमच्याकडं बायका ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलतात. नोटरी पुण्याचा होता. त्याने लिंगाच्या रकान्याकडं पुन्हा एकदा बघितलं.)

विम्याचं एकच सांगतो, कारण ते उपयोगाचं आहे. माझी मोटारसायकल पाण्यात होती. बाहेर काढल्यावर माणूस काय करतो? किक मारतो. मी अकरा किका मारल्या. सर्व्हेयर आला, ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “बुडाली ते चालतंय ओ. बुडाल्यावर चालू केली हे चालत न्हाई.” पाणी गेलेलं इंजिन चालू करायला गेलं की आतलं पाणी दाबलं जात नाही आणि इंजिन फुटतं. साध्या पॉलिसीत ते नुकसान मालकाच्या अंगावर येतं. तेव्हा गाडी बुडाली तर तिला हात लावू नका, ढकलत न्या. अकरा किका मला जेवढ्याला पडल्या तेवढ्यात नवी सायकल आली असती.

पहिली यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागली. दहावीच्या निकालालाही एवढी गर्दी बघितली नव्हती. आमचं नाव नव्हतं. गावाच्या टेकावर ज्याचं घर आहे, ज्याच्या उंबऱ्याला पुराने पाय लावला नव्हता, त्याचं होतं. त्यालाच त्याचा जास्त त्रास झाला. जाईल तिथं लोक त्याला ‘काय, गाळ निघाला काय?’ असं विचारायला लागले. भाऊसाहेब म्हणाले, “काळजी करू नका, पुरवणी यादीत येतंय.”

पुरवणी यादी ही मराठी मुलखातली एक मोठी सोय आहे. मूळ यादी ही नुसती प्रस्तावना असते. आमचं नाव पहिल्या पुरवणी यादीत आलं ते आण्णांच्या वडिलांचं आलं, त्यांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती. आण्णांना तेही बरं वाटलं. म्हणाले, “निदान घरातलं कोण तरी हाय.” दुसऱ्या पुरवणीत आण्णांचं नाव आलं, पण खातेक्रमांक तिऱ्हाइताचा. तोवर सप्टेंबर संपत आला, निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि भाऊसाहेब यंत्रांच्या प्रशिक्षणाला गेले. रोख पाच हजार मात्र आधीच हातात पडले होते, तेही खरं सांगायला हवं. त्यातून दोन गाद्या, एक कुकर आणि पोराची वह्या-पुस्तकं आली. खात्यावरचे पैसे दिवाळीच्या तोंडावर आले. मोबाईलवर मेसेज आला तेव्हा आई चकल्या तळत होती. मी आकडा वाचून दाखवला. तिने झारा तसाच वर धरून विचारलं, “ह्यो ह्याच पुराचा का पुढच्याचा?”

पुढचा आलाच, २०२१ च्या जुलैत. कोल्हापूरला राजारामचं पाणी ५६ फुटांच्या वर गेलं. आमच्या भिंतीवर मात्र ते २०१९ च्या रेघेखाली चार बोटं थांबलं. या वेळी सरकारने कुटुंबाला सरसकट १० हजार दिले, कपड्यांना ५ आणि भांड्यांना ५. पडलेल्या घरांचे टक्केही पंधरा, पंचवीस आणि पन्नास अशा पायऱ्यांनी मोजले. आमच्याकडं ह्या खेपेला सगळं शिस्तीत झालं. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या बरणीत, बरणी लोणच्याच्या शेजारी, दोन्ही आईच्या मांडीवर. ट्रॉलीत बसताना मास्तर शेरवानी घेऊन आले. धुऊन, घडी करून, पिशवीत.

नवे भाऊसाहेब आले. तरणे, गळ्यात मोबाईलची दोरी. त्यांना फोटो घ्यायचा होता, पाण्याची रेघ दिसेल असा. सोप्यातल्या भिंतीपाशी उभे राहिले आणि चक्रावले. “यातली ह्या पुराची कुठली?”

आईने एकेक करून दाखवल्या. “ही पाचची. ही एकोणीसची. ही आत्ताची, ओली हाय बघा अजून. आणि ही न्हवं, ही नातवाची. ही डेअरीची.”

त्यांनी फोटो काढला. त्यात सगळ्याच रेघा आल्या. तहसीलला तो कुणी बघितला असेल तर आमच्या घरात पाणी दर वाढदिवसाला दोन इंच चढतं अशी नोंद कुठं तरी असायला हवी.

दिवाळीला रंग द्यायचा म्हणून पेंटर बोलावला. तो म्हणाला, पुराच्या घराला साधा डिस्टेंपर देऊ नका, खाली ऑइल पेंट मारू या. गाळ बसला तरी पुसून निघतो. आई म्हणाली, मार. रेघा तेवढ्या ठेव, पुरावा लागतोय. मग त्याने ब्रश बुडवला आणि विचारलं, “मावशी, ऑइल पेंट कुठवर?”

आई भिंतीपाशी गेली. टाचा उंच करून एकोणीसच्या रेघेवर तळहात ठेवला. मग थोडा विचार करून दुसरा तळहात पहिल्याच्या वर ठेवला.

“हितवर,” ती म्हणाली. “पुढच्या येळचं धरून.”